इंग्लंडमध्ये प्रायव्हेट हायरचा बॅज काढायचाय: बारा महिने, व्हिसा आणि नाशिकची एक जुनी केस

सारथी_नाशिक

नमस्कार मंडळी. बायको इथे एनएचएसमध्ये नर्स आहे. तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून मी दोन वर्षांपूर्वी आलो. राहायला ईस्ट मिडलँड्समध्ये. नाशिकला चौदा वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, त्र्यंबक, वणी, शिर्डी हाच रोजचा रस्ता. इथे आल्यापासून वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतोय. कामाला नावं ठेवत नाही, पण स्टिअरिंगवर हात ठेवून घर चालवलेला माणूस मी, खोकी उचलण्यात जीव लागत नाही.

इथली ड्रायव्हिंग टेस्ट मागच्या नोव्हेंबरात पास झालो, दुसऱ्या खेपेला. आता कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या पालिकेकडे) प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक केलेल्या टॅक्सीच्या, ड्रायव्हरच्या परवान्याचा अर्ज करायचा आहे. त्यालाच इथे बॅज म्हणतात. त्यांची सगळी माहिती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा नवीन शंका निघाली. ऑफिसात फोन केला तर ‘ऑनलाइन आहे, वाचा’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून इथे विचारतो.

लायसन्स बारा महिने हवं म्हणतात. ते कधीपासून मोजतात? नाशिकची चौदा वर्षं कुठेच धरत नाहीत का? व्हिसाचे चौदा महिने उरलेत, मग तीन वर्षांचा बॅज देतील का? बायकोलाही इथलं लायसन्स आहे. मी झोपलेला असताना तिने ड्यूटीला जायला तीच गाडी नेली तर चालेल का? एक ओळखीचा म्हणतो, आपल्या कौन्सिलच्या नादी लागू नकोस, दुसऱ्या शहरातून बॅज काढ, झटपट मिळतो.

आणि एक गोष्ट, जी लिहायला जड जातंय. २०११ मध्ये नाशिकला माझ्या गाडीचा अपघात झाला होता. एक मोटरसायकलवाला जखमी झाला, पाय मोडला त्याचा. माझ्यावर भारतीय दंडसंहितेच्या कलम २७९ आणि ३३८ (बेदरकार गाडी चालवणं आणि गंभीर दुखापत) ची केस झाली. अडीच वर्षं तारखा केल्या आणि निर्दोष सुटलो. फॉर्मवर हे लिहायचं का? ओळखीचा म्हणतो, नाशिकचं इथे कोण बघतंय. मला रात्री झोप लागत नाही. कोणी अनुभवी असेल तर खरं काय ते सांगा.

---

जुना_बॅज

दादा, मला प्रायव्हेट हायर करून सतरा वर्षं झाली, तुमच्यापासून फार लांब नाही. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

आधी सोपं ते उरकतो. लंडन सोडून इंग्लंड-वेल्समध्ये प्रायव्हेट हायर १९७६ च्या लोकल गव्हर्नमेंट (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) कायद्यावर चालतं. (प्लिमथचा स्वतःचा कायदा आहे, आणि लंडनमध्ये सगळं टीएफएल या तिथल्या वाहतूक संस्थेकडे.) अर्जदाराला गाडी चालवायची परवानगी मिळून किमान बारा महिने झालेले हवेत असं त्यात आहे. ती परवानगी म्हणजे इथलं पूर्ण लायसन्स, प्रोव्हिजनल (शिकाऊ) नाही. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून वर्षभर गाडी चालवता येते, पण बॅजसाठी ते मोजत नाहीत. भारत अदलाबदलीच्या यादीत नाही, म्हणून तर तुम्हाला टेस्ट द्यावी लागली. तेव्हा तुमचे बारा महिने टेस्ट पास झाल्याच्या तारखेपासून मोजा. नोव्हेंबरपर्यंत चार महिने आहेत आणि ते पुरतील एवढी कामं आहेत.

व्हिसाचं. डिपेंडंटला स्वतःचा धंदा करायला परवानगी आहे, त्यामुळे तुम्ही बसता. विद्यार्थी व्हिसावरच्या पोरांना ती नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर रात्री गाडी चालवणारी पोरं मी बघितलीत. कोणी तसं सुचवलं तर दोन हात लांब राहा. १ डिसेंबर २०१६ पासून कौन्सिलला प्रत्येक अर्जदाराचा कामाचा हक्क तपासावा लागतो. तुम्ही सरकारी साइटवरून काढलेला शेअर कोड द्यायचा, ते ऑनलाइन बघतात. बॅज एरवी तीन वर्षांचा असतो, पण व्हिसाच्या पुढे एक दिवसही देता येत नाही. नोव्हेंबरात अर्ज केलात तर जेवढे महिने उरतील तेवढ्याचाच मिळेल. व्हिसा वाढवायचा अर्ज मुदतीत केलात आणि निकाल लागायचा असेल, तर मधल्या काळासाठी सहा महिन्यांपर्यंत देऊ शकतात. म्हणून वहिनींच्या आणि तुमच्या व्हिसाच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

वहिनींनी ती गाडी चालवायची नाही. दुकानापर्यंतसुद्धा नाही. लंडनबाहेर गाडीला एकदा प्रायव्हेट हायरची प्लेट (कौन्सिलच्या परवान्याची पाटी) लागली की ती चोवीस तास प्रायव्हेट हायरचीच गाडी असते, आत पॅसेंजर असो वा नसो, आणि बॅज असलेल्या माणसानेच ती चालवायची. १९९७ मध्ये हायकोर्टात हा प्रश्न आला होता आणि कोर्टाने तेच सांगितलं. आमच्याकडे हे शिकायला माझ्या बायकोची आठ मैलांची एक फेरी पुरली. लेकीला ताप होता, मी गाढ झोपलो होतो, ती बिचारी चावी उचलून डॉक्टरकडे गेली. पकडलं कोणी नाही. पण उठल्यावर मला कळलं तेव्हा पाय थरथरले, कारण माझ्या इन्शुरन्सवर ती नव्हती आणि असूही शकत नव्हती. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी जुनी छोटी गाडी घेतली. तुम्हीही घराच्या हिशोबात दुसरी गाडी धरूनच चाला.

आता बुकिंग. नाशिकच्या सवयीमुळे तुम्हाला हेच सगळ्यात जड जाईल, म्हणून जरा थांबून सांगतो. रस्त्यावर हात दाखवला की थांबायचा आणि रँकवर (टॅक्सी स्टँडवर) उभं राहायचा हक्क हॅकनी कॅरेजचा, म्हणजे रस्त्यावरच्या टॅक्सीचा, त्याचा कायदा १८४७ पासूनचा. प्रायव्हेट हायरला प्रत्येक भाडं ऑपरेटरकडे, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या परवानाधारक कंपनीकडे (तिच्या ऑफिसला आम्ही बेस म्हणतो), आधी बुक झालेलं हवं. गाडी रिकामी, पॅसेंजर समोर, हातात रोख पैसे, आणि तरी नाही म्हणायचं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री दीडला एक पॅसेंजर सोडून क्लबांच्या रस्त्याने परत येत होतो. पाऊस असा की वायपर पुरेना. सिग्नलला एका मुलीने काच ठोठावली. बूट हातात, कोट भिजून चिकटलेला, सोबत मैत्रीण. ‘स्टेशनच्या मागे राहतो, वीस पाउंड देते, प्लीज.’ माझी लेक तेव्हा सोळाची. मन म्हणत होतं बसव. पण मी काच खाली करून सांगितलं, ‘ॲपवरून किंवा आमच्या बेसला फोन करून बुक कर. गाडी येईपर्यंत मी इथेच दिवे लावून उभा राहतो.’ तिने फोन केला, अकरा मिनिटांनी आमच्याच बेसची दुसरी गाडी आली, त्या बसल्या आणि मग मी निघालो. ती अकरा मिनिटं मला जन्मात विसरायची नाहीत, कारण तेव्हा कुठे नियमाचा अर्थ डोक्यात शिरला. बुकिंग झालं की वेळ, जागा, गाडी आणि ड्रायव्हर या सगळ्याची नोंद ऑपरेटरकडे होते. तिला काही झालं असतं तर कोणाच्या गाडीत बसली हे पोलिसांना पाच मिनिटांत कळलं असतं. माझ्या गाडीत ती तशीच बसली असती तर कोणाला कधी कळलं नसतं. मी चांगला माणूस आहे हे त्या पोरीला कुठून कळणार होतं?

त्याच हिवाळ्यात आमच्या बेसवरच्या एकाला साध्या कपड्यातल्या लायसन्सिंग अधिकाऱ्यांनी पकडलं. हात दाखवला, तो थांबला, दोघं बसले. बुकिंग नसल्याने इन्शुरन्सही लागू नाही. म्हणजे विनापरवाना भाड्याचा गुन्हा वेगळा आणि विनाइन्शुरन्सचा वेगळा, त्याला लायसन्सवर सहा ते आठ पेनल्टी पॉइंट्स लागतात. त्याचा बॅज गेला. घरी तीन पोरं.

आता तुमची खरी शंका, २०११ ची. लिहा. फॉर्ममध्ये त्याबद्दल प्रश्न असेल तर पूर्ण लिहा, तारखेसकट, आणि सोबत निकालाची प्रत जोडा.

असं का म्हणतो ते सांगताना मला माझंच उघडं करावं लागेल. २०२१ मध्ये ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३६ ने गेलो, कॅमेऱ्यात सापडलो, तीन पॉइंट्स मिळाले. आमच्या बॅजच्या अटीत लिहिलेलं होतं की वाहतुकीचा कुठलाही गुन्हा झाला तर ४८ तासांत कौन्सिलला कळवायचं. मी कळवलं नाही. तीन पॉइंट्स ते काय, असं वाटलं. रिन्यूअलच्या फॉर्मवर ‘मागच्या परवान्यापासून काही गुन्हा किंवा दंड?’ असं विचारलं होतं, तिथे ‘नाही’वर खूण केली. ते डीव्हीएलएचं (लायसन्स देणाऱ्या खात्याचं) रेकॉर्ड बघतात हे मला माहीत होतं. तरी केली. का केली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

सहा आठवड्यांनी पत्र आलं, कौन्सिलच्या लायसन्सिंग सबकमिटीपुढे हजर व्हा. टाऊन हॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर लांब टेबल, पलीकडे तीन कौन्सिलर, बाजूला वकील, आणि माझ्या बाजूला एक खुर्ची आणि पाण्याचा ग्लास. बेसचा मॅनेजर बोलावला तर आला असता, पण मला लाज वाटली म्हणून एकटाच गेलो. मधल्या आजीबाईंनी चष्मा काढून विचारलं, ‘छत्तीसने गेलात, ते मी समजू शकते. पण फॉर्मवर तुम्ही “नाही” का म्हणालात?’ खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. मी म्हणालो, घाबरलो होतो. त्यांनी लिहून घेतलं. चौदा दिवस बॅज निलंबित आणि लेखी ताकीद. अधिकाऱ्याने गाडीची प्लेटही उतरवून घेतली, दोन स्क्रू माझ्या हातात ठेवले. गाडीचा हप्ता चालू, आणि गाडी चौदा दिवस दारात. ते स्क्रू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

त्या तीन पॉइंट्ससाठी कोणी मला खोलीत बोलावलं नसतं. बोलावलं ते ‘नाही’ या शब्दासाठी.

तुम्ही ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे परवाना द्यायला लायक, आहात का हे कौन्सिल बघते. २०२० च्या जुलैत सरकारने काढलेल्या निकषांमध्ये त्याची कसोटी अशी दिली आहे: ज्याची तुम्हाला काळजी आहे अशा माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा-रात्री केव्हाही, या ड्रायव्हरच्या गाडीत एकटं बसवाल का? आणि संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही. कोर्टात तो आरोपीला मिळतो, इथे तुम्हाला नाही. इथल्या रॉदरहॅम शहरात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. २०१४ च्या अहवालात सोळा वर्षांत अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचं आलं, आणि त्यात टॅक्सीचालकांचा वारंवार उल्लेख होता. त्यानंतर इथल्या आई-बापांनी कौन्सिलला जे विचारलं, ते मी बाप म्हणून रोज स्वतःला विचारतो. म्हणून तो सेफगार्डिंगचा (मुलं आणि असुरक्षित प्रवाशांच्या रक्षणाचा) कोर्स दिवस भरायचा म्हणून करू नका. मी दोनदा केलाय आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त ऐकलं.

मी सध्या सकाळी शाळेचा कॉन्ट्रॅक्ट करतो, विशेष गरजा असलेल्या मुलांचा. एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. गाडीत बसण्याआधी मागे जातो, प्लेटवरचा नंबर बोटाने गिरवतो, मग माझ्या गळ्यातल्या बॅजवरचा फोटो बघतो, मग माझं तोंड, मग बसतो. गेल्या वर्षी मी गाडी बदलली, प्लेटचा नंबर बदलला. दोन दिवस तो बसला नाही. फूटपाथवर उभा, आई विनवतेय, सोबतची मदतनीस बाई विनवतेय. तिसऱ्या दिवशी मी नवा नंबर कागदावर मोठा लिहून आदल्या संध्याकाळी त्याच्या आईकडे दिला होता. त्याने कागद प्लेटला लावून बघितला आणि बसला.

दुसऱ्या शहराच्या बॅजचं बाकीचे सांगतीलच. माझं मत एवढंच की जिथे राहता, जिथे चालवणार, तिथूनच काढा.

---

एम६_वरचा

जुना_बॅज यांचं सगळं पटलं, शेवटचं नाही. मी राहतो एकीकडे आणि बॅज दुसरीकडचा, आणि यात बेकायदेशीर काही नाही. वुल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तिथून बॅज घेतलेले ड्रायव्हर देशभर काम करतात. आमच्या कौन्सिलने माझा अर्ज सात महिने लटकवला, नॉलेज टेस्टची (रस्ते-नियमांच्या परीक्षेची) तारीखच मिळेना. सात महिने घरात पगार नाही म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. दुसरीकडे नऊ आठवड्यांत झालं. डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) तीच, मेडिकल तीच, सेफगार्डिंग तेच.

एक मात्र सारथीभाऊंनी नीट समजून घ्यावं, कारण यात खूप जण फसतात. बॅज, गाडीची प्लेट आणि ऑपरेटर, तिन्ही एकाच कौन्सिलचे लागतात. बॅज इथला आणि गाडी तिथली असं जमत नाही. तिन्ही जुळले की भाडं कुठून कुठेही करा. म्हणजे त्या शहराच्या ऑपरेटरकडे किंवा तिथे परवाना असलेल्या ॲपवरच काम करावं लागणार आणि गाडी तपासणीला तिकडेच न्यावी लागणार. माझं एक अख्खं काम बुडतं त्या दिवशी.

---

परवाना_खिडकी

मी एका जिल्ह्याच्या लायसन्सिंग टीममध्ये काम करते, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. सारथीदादा, तुमच्या ऑफिसने फोनवर तसं उत्तर दिलं याचं वाईट वाटलं. आमच्याकडे माणसं कमी आहेत हे खरं, पण विचारणाऱ्याला दोन वाक्यं सांगणं अवघड नसतं.

मराठी अर्जदारांची एक गोष्ट माझ्या टेबलावर पुन्हापुन्हा येते, ती आधी सांगते. आपलं मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर ते असतं, इथल्या लायसन्सवर कधी असतं कधी नसतं, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगने. एन्हान्स्ड डीबीएसच्या फॉर्मवर आजवर वापरलेली सगळी नावं आणि पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, त्यात तुमचा नाशिकचा पत्ताही आला. नावं जुळली नाहीत की अर्ज परत येतो आणि महिना जातो. आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. लायसन्सवरचं नाव चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

डीबीएसचं सर्टिफिकेट तुमच्या घरी येतं, आमच्याकडे येत नाही. मूळ प्रत आम्हाला दाखवावी लागते. आणि त्यावर छापलेल्या तारखेपासून तीस दिवसांत डीबीएसच्या ऑनलाइन अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवा. लोक पाकीट कपाटात ठेवतात आणि एकतिसाव्या दिवशी आठवतं. मग पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते आणि ती या नोंदणीवरूनच एका मिनिटात होते.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट: अठराव्या वर्षानंतर सलग तीन महिने किंवा जास्त दुसऱ्या देशात राहिला असाल तर त्या देशाचा चारित्र्याचा दाखला मागावा असं सरकारी निकषांमध्ये आहे, म्हणजे तुम्हाला लागणारच. भारतीय पासपोर्ट असल्याने इथूनच उच्चायोगामार्फत अर्ज करता येतो. वेळ लागतो, चार महिन्यांतला पहिला आठवडा यालाच द्या.

२०११ ची केस. निर्दोष सुटणं म्हणजे शिक्षा नाही, आणि तेवढ्यावरून मी कोणाचा अर्ज नाकारलेला पाहिला नाही. पण टॅक्सीचालकांच्या बाबतीत जुन्या, मुदत संपलेल्या शिक्षाही विचारात घेता येतात, आणि शिक्षा न झालेली माहितीसुद्धा. म्हणून प्रश्न जसा विचारलाय तसं उत्तर द्या. निकाल मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडा, आणि एका पानावर तुमच्या शब्दांत लिहा: काय झालं, त्या माणसाला किती लागलं, तुम्ही तेव्हा थांबलात का. हे शेवटचं माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना खरंच वाचायचं असतं.

शिक्षा झालेल्यांसाठी काळ ठरलेला आहे, म्हणजे अंदाज येईल: दारू पिऊन चालवलं तर किमान सात वर्षं, अप्रामाणिकपणाचा गुन्हा असेल तर सात, हिंसेचा दहा, गाडी चालवताना हातात फोन धरल्याची शिक्षा असेल तर पाच. लैंगिक गुन्हा किंवा कोणाचा मृत्यू घडवणारा गुन्हा असेल तर परवाना नाहीच. फोनचे पाच वाचून लोक चकित होतात. दादा, त्या फोनला गाडीत स्टँड लावा आणि टेस्ट पास झाल्यापासून आजपर्यंत जे काही झालं असेल तेही लिहा.

अर्ज नाकारला गेला तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. पण हेही लक्षात ठेवा की सुरक्षेच्या कारणावरून झालेला नकार, निलंबन किंवा रद्द झालेला परवाना देशपातळीवरच्या नोंदवहीत जातो, आणि २७ एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमधल्या सगळ्या परवाना अधिकाऱ्यांनी ती बघणं सक्तीचं आहे. ‘इथे नाही मिळाला तर दुसरीकडे’ हा रस्ता आता तसा राहिलेला नाही.

एम६_वरचा, तुमचे सात महिने मला लागले मनाला. खरं सांगते, आमच्यासारख्या ऑफिसांनी वेळेत काम केलं असतं तर तुम्हाला लांब जावं लागलं नसतं. अडचण दुसरीच आहे. तुमच्या शहरातल्या अधिकाऱ्याला तुमच्या गाडीबद्दल तक्रार आली तर तो साधारण काही करू शकत नाही, तक्रार दोनशे मैलांवर जाते. २०२५ च्या जूनमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या बॅरोनेस केसी यांच्या अहवालानेही यावरच बोट ठेवलं आणि सरकार आता देशभर एकच किमान निकष आणायच्या मागे आहे. सारथीदादा, तुम्ही आज सुरुवात करताय, तर जी व्यवस्था बदलायच्या बेतात आहे तिच्यावर संसार उभा करू नका.

---

जुना_बॅज

ताई, फोनचं स्टँड सांगितलंत ते बरं केलंत. मेडिकलचं राहिलं होतं. ट्रक-बस ड्रायव्हरचे जे निकष, ग्रुप २, तेच आपल्याला लावतात. तुमचं रेकॉर्ड बघू शकेल अशा डॉक्टरकडून करावं लागतं आणि त्याचे पैसे आपल्या खिशातून. चांगल्या डोळ्याने ६/७.५ आणि दुसऱ्याने किमान ६/६० दिसायला हवं, चष्म्यासह चालतं. ब्लड प्रेशर सतत १८०/१०० किंवा वर असेल तर थांबवतात. रात्रपाळी संपवून थेट तपासणीला जाऊ नका. मी गेलो होतो, पट्टा बांधला तेव्हा आकडा बघून नर्सने मला तासभर बाकावर बसवून ठेवलं.

आणि कुत्रा. अंध माणसासोबतच्या कुत्र्याला नाही म्हणता येत नाही, जादा पैसे मागता येत नाहीत. ॲलर्जी खरीच असेल तर डॉक्टरच्या कागदावर कौन्सिलकडून सूट घ्यावी लागते. गाडीत केस होतात, जुनी चादर ठेवा.

---

सारथी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायको ड्यूटीवरून आल्यावर दोघांनी बसून तीनदा वाचलं. मधलं नाव तपासलं: पासपोर्टवर पूर्ण, लायसन्सवर फक्त अक्षर. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर हे मला डिसेंबरात कळलं असतं.

पीसीसीचा अर्ज आज भरला. नाशिकला धाकट्या भावाला फोन केला, तो सोमवारी कोर्टातून निकालाची नक्कल काढायला जातोय. एक पान लिहायला घेतलं. त्या रात्री मी थांबलो होतो. त्या माणसाला माझ्याच गाडीतून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं होतं, मागच्या सीटला रक्त लागलं ते पुढे कितीही धुतलं तरी गेलं नाही, शेवटी कव्हर बदललं. हे आजवर कोणाला लिहून दिलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नाही, कोर्टात वकिलाने बोलू दिलं नाही.

बॅज इथूनच काढणार. एम६भाऊ, तुमची बाजू कळली, सात महिने लागले तर मी पुन्हा इथे येऊन ओरडेन. तोपर्यंत वेअरहाऊस सोडत नाही.

एकच विचारायचं राहिलं. टॅक्सचं काय? तिथे आमचा मालक बघायचा.

---

जुना_बॅज

पहिल्या अर्जाला फक्त टॅक्सची जबाबदारी माहीत आहे असं मान्य करावं लागतं. रिन्यूअलला एचएमआरसीकडून (इथल्या टॅक्स खात्याकडून) नऊ अक्षरांचा कोड काढून द्यावा लागतो, तो १२० दिवस चालतो, आणि त्याशिवाय कौन्सिल अर्ज पुढे घेत नाही. एप्रिल २०२२ पासून हे आहे. काम सुरू केलंत की ते टॅक्स वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटला (आपला टॅक्स आपणच भरायच्या पद्धतीला) नाव नोंदवा. डिझेल, इन्शुरन्स, धुलाई, प्लेटची फी, सगळ्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका डब्यात टाकत जा.

आणि ते एक पान लिहून झालं की पाठवायच्या आधी मला मेसेज करा. इंग्रजी मी बघून देतो, शब्द तुमचेच ठेवा.